निळा रंग नको, मीठ आणा

मुलांसाठी घरी ‘समुद्राचा प्रयोग’ करायचा म्हटलं की हल्ली बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. पारदर्शक बाटलीत निळा रंग घातलेलं पाणी, त्यावर तेल, थोडी चमकी आणि एक प्लास्टिकचा मासा. बाटली आडवी धरून हलवली की लाट उठते, फोटो झकास येतो आणि दुसऱ्या दिवसापासून बाटली कपाटावर धूळ खात पडते. यात वाईट काही नाही. पण याला प्रयोग म्हणू नका, हा देखावा झाला. काय होणार ते मोठ्यांना आधीच ठाऊक असतं आणि मुलाच्या वाट्याला फक्त टाळ्या वाजवणं येतं.

प्रयोग करायचा असेल तर एक पथ्य पाळा: काहीही करण्यापूर्वी मुलाने आपला अंदाज वहीत लिहायचा, लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. मग करून बघायचं. अंदाज चुकला तर खोडरबर वापरायचा नाही, त्याखालीच काय झालं ते लिहायचं. सामान म्हणाल तर खडेमीठ, स्वयंपाकघरातला वजनकाटा, दोन-चार काचेच्या बरण्या, बर्फ, बिटाचा रस, थोडासा चुना आणि भिंतीवरची दिनदर्शिका. बाजारात मिळणारा महागडा संच लागत नाही.

सुरुवात मिठापासूनच करावी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. वजनकाटा नसेल तर चहाचे सहा सपाट चमचे धरा. एका बरणीत लिटरभर साधं पाणी घ्या, दुसरीत तेवढ्याच पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. आता मुलाला विचारा, या दुसऱ्या बरणीत अंडं तरंगेल का? शाकाहारी घरात अंड्याऐवजी बटाट्याची जाडसर फोड घ्या, दोघांची घनता जवळपास सारखीच असते. ‘मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं’ हे वाक्य मुलांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, त्यामुळे उत्तर ‘हो’ असंच येतं. आणि अंडं सरळ तळाला जातं. म्हणजे खऱ्या समुद्रात ताजं अंडं बुडतं.

इथे मोठ्यांची जीभ फार वळवळते. गप्प बसा. ‘अजून मीठ घालून बघू?’ असं मुलगा किंवा मुलगी स्वतःहून म्हणेपर्यंत थांबा. मग दहा-दहा ग्रॅमने मीठ वाढवत न्या, दर वेळी नीट ढवळा आणि नोंद करा. अंडं आधी तळाशी उभं राहू लागेल, मग पाण्यात अधांतरी थांबेल आणि शेवटी टोक बाहेर काढून तरंगेल. ताज्या अंड्याला यासाठी लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर मीठ लागतं. जुनं अंडं लवकर वर येतं, कारण त्याच्या कवचाखालची हवेची पोकळी दिवसागणिक वाढत जाते. मृत समुद्राचं पाणी नेहमीच्या समुद्राच्या जवळपास दहापट खारट आहे. तिथे माणसं पाण्यावर पडून वर्तमानपत्र कशी वाचतात, हे आता वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

थोड्या मोठ्या मुलांनी याच पाण्यात स्वतःचा मापक बनवावा. शीतपेयाच्या नळीचं एक टोक कणकेच्या गोळीने घट्ट बंद करायचं, म्हणजे नळी पाण्यात उभी तरंगते. साध्या पाण्यात ती कुठपर्यंत बुडते तिथे पेनाने खूण करायची, खाऱ्या पाण्यात दुसरी खूण. नदीतून समुद्रात शिरणारं जहाज किंचित वर उचललं जातं ते याच कारणाने. म्हणूनच मालवाहू जहाजाच्या बाजूवर गोड्या आणि खाऱ्या पाण्यासाठी वेगवेगळ्या रेघा रंगवलेल्या असतात.

आता माझ्या मते घरी करता येण्याजोगा सर्वांत चांगला सागरी प्रयोग. बिटाचा रस घातलेल्या पाण्याचा बर्फ करून ठेवा. दोन सारखे पेले घ्या, एकात साधं पाणी, एकात खारं. खारं पाणी आधी तयार करून तासभर बाजूला ठेवा, म्हणजे दोन्ही पेले खोलीच्या तापमानाला येतील. दोन्हींत एकाच वेळी एकेक लाल खडा सोडा. प्रश्न: कोणता बर्फ आधी वितळेल? घरात आइस्क्रीमचा पॉट फिरवलेली मंडळी असतील तर ती छातीठोकपणे सांगतील, खाऱ्यातला. बर्फात मीठ घातलं की तो भराभर वितळतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे अंदाज वहीत घ्या आणि पेल्यांना हात न लावता बसून राहा.

साध्या पाण्यातला बर्फ आधी संपतो. कारण रंगाने दिसतं. साध्या पाण्याच्या पेल्यात बर्फातून लाल धागे सुटून तळाकडे जाताना दिसतील. वितळलेलं गार पाणी जड, ते खाली जातं, त्याच्या जागी खोलीच्या तापमानाचं पाणी वर येऊन बर्फाला भिडतं. थोड्या वेळात अख्खा पेला गुलाबी होतो. खाऱ्या पेल्यात मात्र लाल रंग वरच्या वरच अडकून बसतो. वितळलेलं पाणी गार असलं तरी गोडं आहे, खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं आहे, त्यामुळे ते खाली जातच नाही. बर्फ आपल्याच गार पाण्यात डुंबत राहतो आणि हळूहळू वितळतो. चमच्याने ढवळलंत तर सगळा खेळ मोडेल. तेही एकदा मुद्दाम करून बघावं.

हा थर आपल्याकडे समुद्रात खरोखर असतो. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या सगळ्या नद्या बंगालच्या उपसागरात रिकाम्या होतात. पावसाळ्यानंतर तिथे गोडसर पाण्याचा थर वर पसरतो, खालचं गार पाणी सहजी वर येत नाही आणि पृष्ठभाग ऊबदार राहतो. चक्रीवादळांना ऊब हवीच असते. अरबी समुद्रात मोठ्या नद्यांचं पाणी त्या मानाने कमी येतं, बाष्पीभवन जास्त, म्हणून तो अधिक खारट. भारताच्या नकाशावर नद्यांवरून बोट फिरवत मुलांना हे दाखवलं की पाचवी-सहावीच्या भूगोलात प्राण येतो.

अंड्याच्या प्रयोगातलं खारं पाणी उरलं असेल तर त्याचं मिठागर करा. फक्त ते कुंडीत ओतू नका, झाड मरेल. पसरट ताटात पाणी ओता, गच्चीत किंवा खिडकीत उन्हात ठेवा, वर मलमलचं कापड बांधा. एप्रिल-मे असेल तर दोन-चार दिवसांत ताटाच्या कडेने पांढरी किनार धरते. पहिले खडे दिसले की भिंग लावा: छोटे छोटे चौकोनी ठोकळे दिसतील. दुसरं ताट सावलीत ठेवलंत तर पाणी सावकाश आटतं आणि खडे मोठे होतात. त्यासाठी खडेमीठच घ्या. बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात, त्यांनी पाणी गढूळ दिसतं. शेवटी खरवडून वजन करा. टाकलं किती आणि परत मिळालं किती, हा हिशेब मुलांना फार आवडतो. तूट आली तर ती कुठे गेली यावर घरात वाद होऊ द्या.

भांडुप, मुलुंड, वडाळा, उरण, पेण, शिरोडा या ठिकाणी हेच काम एकराएकरांवर झालं आहे. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत आटवायचं आणि पावसाची पहिली सर येण्याआत मीठ उचलायचं. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. उलटं कामही करून बघता येईल: पातेल्यात खारं पाणी, मधोमध रिकामी वाटी, पातेल्यावर ताणून बांधलेलं प्लास्टिक आणि वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेवून उन्हात. संध्याकाळी वाटीत जमलेले थेंब चाखून बघा, गोडे असतात. लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर २००५ पासून समुद्राच्या पाण्याचं असंच गोडं पाणी करतात, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेने. तिथे ऊन नव्हे, तर वरचं कोमट पाणी आणि खोलवरचं गार पाणी यांच्या तापमानातला फरक कामाला लावला आहे.

शिंपल्यांच्या रसायनशास्त्रासाठी पानवाल्याकडे जा. अर्धा चमचा चुना बाटलीभर पाण्यात घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्या, ही चुन्याची निवळी. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, त्यामुळे हे काम मोठ्यांनी करायचं. निवळीत तेवढंच साधं पाणी मिसळा, पेल्यात घ्या आणि नळीने हळूहळू फुंकत राहा. फुंकायचं आहे, ओढायचं नाही. लहान मुलांच्या बाबतीत खात्री नसेल तर तुम्हीच फुंका. काही क्षणांत पाणी दुधाळ होतं. शाळेतला प्रयोग इथे संपतो. आपण थांबायचं नाही. आणखी काही मिनिटं फुंकत राहिलं की ते दुधाळ पाणी पुन्हा नितळ होऊ लागतं.

आधी आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्यापासून कॅल्शियम कार्बोनेट बनवलं. शिंपला ज्याचा बनतो तोच हा पदार्थ. कोकणात पूर्वी शिंपले भट्टीत भाजून चुना करत, तो उगाच नव्हे. मग त्याच वायूचं प्रमाण वाढलं, पाणी आम्लाकडे झुकलं आणि बनलेलं कार्बोनेट पुन्हा विरघळलं. माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. औद्योगिक काळापूर्वी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण या मोजपट्टीवर तेवढ्या फरकाने आम्लता पाव हिश्श्याहून जास्त वाढते.

तिसऱ्यांचं कालवण झाल्यावर उरलेले शिंपले धुऊन व्हिनेगरमध्ये टाकले की बुडबुडे सुटतात आणि एक-दोन दिवसांत शिंपला पातळ, ठिसूळ होतो. संगमरवराच्या तुकड्यालाही बुडबुडे येतात. प्रयोग सोपा आहे, जरूर करा, पण ‘समुद्रात असंच होतंय’ असं सांगून मुलांना घाबरवू नका. व्हिनेगर समुद्राच्या कितीतरी पट आम्लधर्मी आहे आणि समुद्र आजही अल्कधर्मीच आहे. कवच बांधणाऱ्या प्राण्यांना ते बांधायला जास्त कष्ट पडतात, एवढंच खरं, आणि तेवढं पुरेसं गंभीर आहे.

मासे खाणाऱ्या घरात तर सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा दर रविवारी पिशवीतून येते आणि आपण ती साफ करून थेट कढईत टाकतो. पुढच्या वेळी कोळणीला सांगा, ‘मावशी, एक बांगडा न कापता द्या.’ ताटात कागद पसरून मुलांसमोर ठेवा. पाठ निळसर-हिरवी, पोट चंदेरी. वरून बघणाऱ्या पक्ष्याला पाठ गडद पाण्यात मिसळून जाते, खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला पोट उजेडात हरवतं. आता कल्ल्याचं झाकण उचला. मासा ताजा आहे का हे बघायला आई ज्या लालभडक कल्ल्यांकडे बघते, तेच. कात्रीने एक कल्ला कापून पांढऱ्या वाटीतल्या पाण्यात सोडा आणि वाटी हलकेच हलवा. कंगव्याच्या दातांसारख्या शेकडो बारीक पाकळ्या सुट्या होऊन पसरतात. आता कल्ला पाण्याबाहेर उचला. सगळ्या पाकळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा एकच लोळा होतो. हवेत पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन असूनही मासा बाहेर का गुदमरतो, याचं उत्तर मुलांच्या डोळ्यांसमोर असतं: श्वास घ्यायला लागणारा पृष्ठभागच मिटून गेला.

ढोमे आणले असतील तर डोकं फेकू नका. मोठ्यांनी ते फोडून आत शोधलं तर दोन टणक पांढरे खडे सापडतात. हे माशाच्या कानातले खडे, तोल आणि आवाज यांसाठी उपयोगी. झाडाच्या खोडासारखी त्यांतही वलयं असतात आणि त्यांवरून शास्त्रज्ञ माशाचं वय काढतात. घाटावरच्या गावात समुद्राचे मासे मिळत नसतील तर रोहू किंवा कटल्याचा खवला भिंगाखाली धरा, त्यावरच्या रेषाही बघण्यासारख्या असतात. मासे घरात येतच नसतील तर जबरदस्ती नको. एखाद्या फिशटँकसमोर घड्याळ घेऊन बसा आणि मिनिटाला कल्ल्याचं झाकण कितीदा उघडतं ते मोजा.

काही गोष्टी झटपट होतात. दोन सारख्या भांड्यांत वाळू आणि पाणी घेऊन तासभर उन्हात ठेवलं आणि हात लावून पाहिलं की दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे का सुटतात, ते समजतं. पेनच्या टोपणाच्या टोकाला कणीक लावा, ते जेमतेम तरंगेल असं करून काठोकाठ भरलेल्या बाटलीत सोडा आणि झाकण घट्ट लावा. बाटली दाबली की टोपण बुडतं, सोडली की वर येतं, कारण दाबाने टोपणातली हवा आक्रसते. समुद्रात दर दहा मीटरला हवेच्या दाबाइतका दाब वाढतो. भारताची ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तिघांना घेऊन ६००० मीटर खोल जाण्यासाठी बनते आहे. तिथे दाब किती पट असेल, हे गणित मुलांनाच करू द्या. वाळूतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं तर काळे कण चिकटतात. त्यातलं लोहखनिज बरंचसं सह्याद्रीच्या काळ्या दगडातून आलेलं असतं, त्यामुळे हा प्रयोग बांधकामाच्या ढिगाऱ्यावर साताऱ्यातही होतो. परातीत पाण्यावर चमचाभर तेल ओतून ते कापसाने, नारळाच्या काथ्याने आणि कागदाने उचलायची स्पर्धा लावा. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजं धडकली आणि तेल खारफुटीपर्यंत पोचलं. ते साफ करणं किती जिकिरीचं असेल, याची कल्पना चिकट झालेल्या बोटांना येते.

शेवटचा प्रयोग पाण्याशिवायचा आहे आणि तो महिनाभर चालतो. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. सप्तमीला सव्वापाच. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन, तीन. मुलांनी रोज दिनदर्शिकेतली तिथी बघून वेळ काढायची आणि मुंबईच्या भरतीच्या छापील वेळेशी ताडून बघायची. थोडा फरक पडेलच, कधी अर्धा-पाऊण तासाचाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि आपला हिशेब ४५ मिनिटांचा आहे, शिवाय किनारा बदलला की वेळही बदलते. किती फरक पडला ते आलेखावर मांडायचं. आठवी-नववीची मुलं यात रमतात. त्यातच उंचीचे आकडेही लिहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, हे आलेखात आपोआप उमटतं. मुंबईत उधाणाच्या काही दिवशी पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, गोव्यात त्याच्या साधारण निम्मंच. गुजरातच्या दिशेने उथळ होत गेलेला समुद्रतळ आणि खंबातच्या आखाताचा निमुळता आकार हे त्याचं मोठं कारण.

ही वही घेऊन सुट्टीत किनाऱ्यावर जाणार असाल तर ओहोटीच्या वेळी खडकाळ भागात जा. उचललेला दगड होता तसाच परत ठेवा आणि रिकामे वाटणारे शंखही आत खेकडा नाही ना, हे बघून मगच हातात घ्या. प्रवाळ आणि काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते घरी आणू नका. आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी उधाणाच्या दिवशी, विशेषतः पावसाळ्यात, त्यांना पाण्यात उतरू देऊ नका. तो दिवस कोणता, हे आता त्यांना स्वतःलाच काढता येतं.